अनामिक शिपायाची समाधि

युद्धाचीं स्मारकें जगांत पुष्कळ आहेत. कोठें विजयी सेनापतीचा अश्वारूढ पुतळा असतो, कोठें शत्रूकडून हस्तगत केलेल्या तोफा मांडलेल्या असतात, तर कोठें उंच भिंतींवर मृतांचीं नांवें ओळींनीं कोरलेलीं दिसतात. जो गेला तो कोण होता, हें पुढील पिढ्यांस कळावें, हा या सर्वांचा हेतु. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत एक स्मारक असें आहे कीं, त्याखालीं निजलेला पुरुष कोण, हें कोणासहि ठाऊक नाहीं. आणि तें ठाऊक नसणें हाच त्या स्मारकाचा आधार आहे. त्या समाधीपुढें रात्रंदिवस सशस्त्र पहारा असतो. राष्ट्राध्यक्ष तेथें पुष्पचक्र वाहतात, आणि परदेशांतून आलेले राजपुरुष तेथें येऊन मस्तक नमवितात.

सन १९९८ मध्यें याच स्थानीं एक विलक्षण प्रसंग घडला. चौदा वर्षें ‘अज्ञात’ म्हणून पूजिल्या गेलेल्या एका सैनिकाचें नांव सांपडण्याची शक्यता निर्माण झाली. राष्ट्रानें आपलें स्मारक अभंग ठेवावें, कीं एका मातेला तिचा पुत्र परत द्यावा, असा पेंच उभा राहिला. तो पेंच कसा उत्पन्न झाला आणि कसा सुटला, हें समजण्यासाठीं प्रथम त्या भूमीचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

पोटोमॅक नदीच्या एका तीरावर वॉशिंग्टन ही राजधानी आहे आणि दुसऱ्या तीरावर, व्हर्जिनिया संस्थानांत, आर्लिंग्टनची टेकडी आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचें अपत्य नव्हतें. त्यांच्या पत्नीचा नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस याला त्यांनीं पुत्रवत् वाढविलें होतें. या कस्टिसनें गुलामांच्या श्रमांतून त्या टेकडीवर एक भव्य वाडा उठविला. त्याची कन्या मेरी हिचा विवाह सन १८३१ मध्यें रॉबर्ट ई. ली या तरुण लष्करी अधिकाऱ्याशीं झाला, आणि पुढें तीस वर्षें आर्लिंग्टन हें ली कुटुंबाचें घर होतें.

सन १८६१ मध्यें गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लीनें संघराज्याच्या सैन्यांतील पदाचा राजीनामा देऊन दक्षिणेची बाजू पत्करली, आणि मे महिन्यांत संघराज्याच्या फौजांनीं आर्लिंग्टनचा कबजा घेतला. पुढें त्या इस्टेटीवर ९२ डॉलर ७ सेंट कर आकारण्यांत आला. लीच्या पत्नीनें एका आप्ताबरोबर पैसे पाठविले. परंतु मालकानें स्वतः हजर राहिलें पाहिजे, अशी अट सांगून ते नाकारण्यांत आले. कर थकला म्हणून जानेवारी १८६४ मध्यें लिलाव झाला, व २६,८०० डॉलरांस ती इस्टेट सरकारनेंच घेतली.

त्या वर्षीं वॉशिंग्टनमधील लष्करी इस्पितळें जखमी व आजारी शिपायांनीं भरून गेलीं होतीं आणि शहराच्या आसपासच्या दफनभूमींत जागा उरली नव्हती. ता. १३ मे १८६४ रोजीं पेनसिल्व्हानियाच्या एका पलटणींतील विल्यम ख्रिस्टमन नांवाचा साधा शिपाई आर्लिंग्टनच्या मातींत प्रथम पुरला गेला. सैन्याच्या पुरवठा-खात्याचे मुख्य जनरल मेग्ज यांनीं थडगीं अगदीं वाड्याच्या अंगणापर्यंत यावींत असा आग्रह धरला. ली कुटुंबाला तेथें पुन्हां नांदतां येऊं नये, हा त्यांतील हेतु होता. आज ज्याला राष्ट्राचें पुण्यस्थान म्हणतात, त्याच्या पायाशीं सूडाची भावनाहि होती, हें अमेरिकन इतिहासकार लपवीत नाहींत.

युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांनीं लीच्या मुलानें न्यायालयांत दाद मागितली. सन १८८२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. परंतु तोंपर्यंत तेथें हजारों थडगीं झालीं होतीं. शेवटीं सन १८८३ मध्यें दीड लाख डॉलर देऊन सरकारनें ती भूमि त्याच्याकडून रीतसर विकत घेतली. सरकारच्या बाजूनें त्या वेळीं युद्धमंत्री होता रॉबर्ट लिंकन, अध्यक्ष लिंकन यांचा पुत्र. बाप परस्परविरोधी बाजूंस उभे होते. मुलांनीं खरेदीखतानें तंटा मिटविला.

आज या दफनभूमीचा विस्तार सुमारें ६३९ एकर आहे आणि तेथें चार लक्षांहून अधिक मृत विसावले आहेत. रणांत पडलेल्यांप्रमाणेंच, सैन्याची नोकरी करून वृद्धपणीं घरीं मरण पावलेले सैनिक, आणि त्यांचे पति किंवा पत्नी यांनाहि तेथें नियमांप्रमाणें जागा मिळते. सारख्या उंचीच्या पांढऱ्या शिळांच्या सरळ रांगा टेकडीवरून खालीं उतरत गेलेल्या दिसतात. परंतु शिळा सारख्या असल्या तरी सर्वांस सारखी वागणूक मिळाली, असें नाहीं. कृष्णवर्णी सैनिकांचीं थडगीं कित्येक दशकें वेगळ्या भागांत असत; सन १९४८ मध्यें अध्यक्ष ट्रूमन यांनीं सैन्यांतील वर्णभेदाविरुद्ध हुकूम काढल्यानंतर ही प्रथा बंद झाली. सत्तावीस क्रमांकाच्या भागांत गुलामगिरींतून सुटून आश्रयास आलेलीं सुमारें ३,८०० माणसें पुरलेलीं आहेत. त्यांच्या शिळांवर ‘नागरिक’ हा शब्द कोरलेला आढळतो. जिवंतपणीं जो हक्क त्यांच्यापैकीं बहुतेकांस लाभला नाहीं, तो त्यांच्या थडग्यावर लिहिला गेला.

अज्ञात सैनिकांचा प्रश्न आर्लिंग्टनला पहिल्यापासूनच होता. यादवी युद्धाच्या काळीं शिपायाच्या अंगावर त्याची ओळख पटविणारी सरकारी खूण कांहींच नसे. मोठ्या लढाईच्या आदल्या दिवशीं कित्येक शिपाई कागदाच्या चिठ्ठीवर आपलें नांव व गांव लिहून ती अंगरख्याच्या पाठीवर टांचून ठेवीत. आपण पडलों तर निदान घरीं कळावें, एवढीच त्यांची अपेक्षा. ज्यांची चिठ्ठी गेली त्यांचें नांवहि गेलें. बुल रनच्या रणांगणावरून व रॅपाहॅनॉक नदीकडील वाटेवरून गोळा केलेलीं २,१११ जणांचीं हाडें सप्टेंबर १८६६ मध्यें आर्लिंग्टन येथें एकाच भुयारांत ठेवून तें बंद करण्यांत आलें. त्यांत दोन्ही पक्षांचे शिपाई असावेत. कारण हाडांवरून कोण उत्तरेचा आणि कोण दक्षिणेचा, हें ओळखणें शक्य नव्हतें.

पुढें धातूचे ओळख-बिल्ले आले. अमेरिकेच्या सैन्यांत ते सन १९०६ मध्यें सुरू झाले, आणि सन १९१६ पासून प्रत्येक शिपायाला दोन बिल्ले देण्याचें ठरलें. एक देहाबरोबर राहावा आणि दुसरा नोंदीसाठीं काढून घेतां यावा. परंतु पहिल्या महायुद्धांतील तोफखान्यापुढें या बिल्ल्यांचें फारसें चाललें नाहीं. एकाच भूमीवर महिनेच्या महिने गोळे पडत राहिले. माणसें चिखलांत गडप झालीं. पुरलेलीं प्रेतें दुसऱ्या माऱ्यांत पुन्हां वर आलीं. युद्ध संपलें त्या वेळीं सर्व राष्ट्रांत मिळून लाखों घरें अशीं होतीं कीं, मुलगा मेला हें कळलें, पण तो कोठें पुरला हें कळलें नाहीं. शोक करण्यासहि ठिकाण लागतें. तें त्यांना नव्हतें.

या दुःखावर एक उपाय इंग्लंडांतील एका धर्मोपदेशकाला सुचला. डेव्हिड रेल्टन हे सन १९१६ मध्यें फ्रान्समधील आर्मेंतिएर गांवाजवळ असतां त्यांना एका बागेंत नवें थडगें दिसलें होतें; त्यावरील ओबडधोबड क्रुसावर ‘एक अज्ञात ब्रिटिश सैनिक’ असें लिहिलेलें होतें. त्यांनीं सन १९२० मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मुख्य धर्माधिकाऱ्यास पत्र लिहून सुचविलें कीं, असा एक अज्ञात सैनिक मायदेशीं आणून राजांच्या शेजारीं पुरावा. ता. ११ नोव्हेंबर १९२० रोजीं लंडनमध्यें तसें झालें, आणि त्याच दिवशीं पॅरिसमध्यें विजय-कमानीच्या ठिकाणीं फ्रान्सनेंहि आपला अज्ञात सैनिक आणला. ज्या मातेचा मुलगा सांपडला नाहीं, तिला ‘हा कदाचित् माझाच असेल’ असें म्हणतां यावें, हें या कल्पनेचें मर्म आहे. सैनिक खरोखर अज्ञात आहे, म्हणून तो सर्वांचा आहे. श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व पेंच तिच्याशीं निगडित आहे.

अमेरिकेच्या काँग्रेसनें मार्च १९२१ मध्यें याच धर्तीवर ठराव केला. फ्रान्समधील चार अमेरिकन दफनभूमींतून प्रत्येकीं एक अज्ञात देह काढून शालाँ-सूर-मार्न या शहराच्या नगरभवनांत आणण्यांत आला. शवपेट्या हुबेहूब सारख्या होत्या. कोणती पेटी कोठून आली, याचा मागमूस राहूं नये अशी व्यवस्था ठेवण्यांत आली होती. ता. २४ ऑक्टोबर १९२१ रोजीं सकाळीं सार्जंट एडवर्ड यंगर हा शूर शिपाई हातांत पांढऱ्या गुलाबांचा गुच्छ घेऊन त्या खोलींत एकटा गेला. चार पेट्यांभोंवतीं फेऱ्या घालून त्यानें एका पेटीवर तो गुच्छ ठेवला, आणि तीच निवड ठरली. उरलेले तिघे फ्रान्समध्येंच पुन्हां पुरले गेले. निवडीसाठीं सेनापति बोलाविला नाहीं, मंत्री बोलाविला नाहीं. त्याच युद्धांत लढलेल्या एका सामान्य शिपायाच्या हातीं तें काम दिलें, ही गोष्ट औचित्याला धरूनच झाली. हाच यंगर पुढें सन १९४२ मध्यें वारला आणि तोहि आर्लिंग्टनलाच विसावला.

ऑलिंपिया नांवाच्या युद्धनौकेनें ती शवपेटी समुद्रापार आणली. वॉशिंग्टनच्या राजसभागृहाच्या घुमटाखालीं ती ठेवली असतां सुमारें ९०,००० लोकांनीं दर्शन घेतलें. ता. ११ नोव्हेंबर १९२१ रोजीं आर्लिंग्टनपर्यंत मिरवणूक निघाली. अध्यक्ष हार्डिंग पायीं चालत होते; आजारानें जर्जर झालेले माजी अध्यक्ष विल्सन कांहीं वाटेपर्यंत घोडागाडींतून बरोबर होते. हार्डिंग यांचें भाषण ध्वनिवर्धक यंत्रांनीं जमलेल्या समुदायाला तर ऐकूं आलेंच, परंतु दूरध्वनीच्या तारांवरून तें न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथें जमलेल्या लोकांनाहि ऐकविण्यांत आलें. नभोवाणी घरोघर पोंचण्यापूर्वीं एकच आवाज एका खंडाच्या दोन टोकांना एकाच क्षणीं पोंचला, तो एका निनांवी शिपायाच्या अंत्यविधीच्या निमित्तानें. कबरेच्या तळाशीं फ्रान्सहून आणलेली माती पसरली होती. तीवर पेटी उतरविण्यांत आली. क्रो जमातीचे मुख्य प्लेंटी कूज यांनीं मूळ रहिवाशांच्या वतीनें आपला पिसांचा शिरपेंच समाधीवर अर्पण केला.

आरंभीं समाधि अगदीं साधी होती. आज दिसणारी पांढऱ्या संगमरवराची वास्तु सन १९३२ मध्यें पुरी झाली. लोरिमर रिच हे तिचे स्थपति आणि टॉमस हडसन जोन्स हे शिल्पकार. संगमरवर कोलोरॅडो संस्थानांतील यूल येथील खाणींतून आणला. पूर्वेकडील बाजूवर शांति, विजय व शौर्य यांच्या तीन मूर्ति कोरलेल्या आहेत. उत्तर व दक्षिण बाजूंवर मिळून सहा पुष्पचक्रें उलटीं कोरलेलीं आहेत, तीं शोकाचीं चिन्हें होत. पश्चिमेकडील लेखाचा भावार्थ असा कीं, केवळ ईश्वरालाच ठाऊक असलेला एक अमेरिकन सैनिक येथें सन्मानानें विसांवा घेत आहे.

पहाऱ्याची हकीगतहि मनोरंजक आहे. प्रथम तेथें पहारा नव्हता. टेकडीवरून नदीचा व शहराचा देखावा सुंदर दिसतो, म्हणून लोक फराळाचे डबे घेऊन येत आणि समाधीवरच बसून वनभोजन करीत. त्यामुळें सन १९२५ मध्यें एक नागरी रखवालदार ठेवला, सन १९२६ मध्यें दिवसाचा लष्करी पहारा आला, आणि ता. २ जुलै १९३७ पासून तो अहोरात्र सुरू झाला. त्यानंतर तो कधींहि उठलेला नाहीं. सन १९४८ पासून तो पायदळाच्या तिसऱ्या रेजिमेंटकडे आहे. पहारेकरी एकवीस पावलें चालतो, समाधीच्या दिशेनें वळून एकवीस सेकंद स्तब्ध राहतो, पुन्हां वळून तितकाच वेळ थांबतो आणि एकवीस पावलें परत येतो. एकवीस तोफांची सलामी ही सर्वांत मोठी मानवंदना. तिची ही मूक आवृत्ति. बंदूक नेहमीं समाधीपासून दूरच्या खांद्यावर असते, म्हणजे तो समाधि व प्रेक्षक यांच्यामध्यें रक्षक म्हणून उभा राहतो. त्याच्या गणवेषावर हुद्द्याचें चिन्ह नसतें. खालीं निजलेल्याचा हुद्दा कोणता, हें कोणास ठाऊक नाहीं. आपण त्याच्याहून वरचढ दिसूं नये, हा त्यांतील विचार. सन १९९६ पासून या पहाऱ्यांत स्त्री-सैनिकांनींहि काम केलें आहे. ऊन असो, पाऊस असो, मध्यरात्रीं पाहणारें कोणी नसो, चालणें थांबत नाहीं.

दुसरें महायुद्ध संपल्यावर त्या युद्धांतील अज्ञात सैनिकहि येथें आणावा असें ठरलें. परंतु मध्यंतरीं कोरियाचें युद्ध उद्भवल्यामुळें तें काम लांबलें. अखेर ता. ३० मे १९५८ रोजीं दोन्ही युद्धांचा प्रत्येकीं एक सैनिक पहिल्याच्या शेजारीं पुरण्यांत आला. अध्यक्ष आयसेनहॉवर, जे स्वतः त्या महायुद्धांतील सेनापति होते, त्यांनीं दोघांस राष्ट्राचें सर्वोच्च शौर्यपदक अर्पण केलें. येथपर्यंत मूळ कल्पनेला कोठेंहि बाध आला नव्हता. दोन्ही युद्धांतील अज्ञातांची संख्या हजारोंनीं मोजण्याइतकी मोठी होती, आणि निवडलेला सैनिक कोण, हें खरोखरच कोणास ठाऊक नव्हतें.

व्हिएतनामच्या युद्धानें परिस्थिति पालटली. हेलिकॉप्टरें जखमींना व मृतांना त्वरित उचलून नेत. दातांच्या व क्ष-किरणांच्या नोंदी असत. म्हणून ओळख न पटलेले अवशेष फारच थोडे उरले. परंतु हें युद्ध अमेरिकेंत अत्यंत अप्रिय झालें होतें, आणि परत आलेल्या सैनिकांची उपेक्षा झाली अशी खंत लोकांत होती. त्यांचाहि प्रतिनिधि आर्लिंग्टनला असावा अशी मागणी होऊं लागली. ता. २८ मे १९८४ रोजीं अध्यक्ष रेगन यांच्या उपस्थितींत व्हिएतनामचा अज्ञात सैनिक तेथें पुरला गेला. त्यासाठीं जे अवशेष निवडले तीं केवळ सहा हाडें होतीं, आणि सरकारी दप्तरांत त्यांना ‘एक्स-२६’ असा क्रमांक होता.

या क्रमांकामागें एक नांव होतें. ता. ११ मे १९७२ रोजीं दक्षिण व्हिएतनाममधील आन लोक या गांवाजवळ विमानदळाचा लेफ्टनंट मायकेल ब्लॅसी याचें विमान शत्रूच्या माऱ्यानें पडलें. त्याचें वय चोवीस वर्षांचें होतें. त्या वर्षाच्या अखेरीस एका गस्ती तुकडीला त्या परिसरांत हीं हाडें, वैमानिकाच्या पोशाखाचे तुकडे आणि ब्लॅसीचें ओळखपत्र सांपडलें. पण तें ओळखपत्र पुढें गहाळ झालें. कांहीं वर्षें त्या अवशेषांवर ‘बहुधा ब्लॅसी’ अशी नोंद होती. सन १९८० मध्यें हाडांवरून काढलेली उंची व रक्तगट ब्लॅसीशीं जुळत नाहींत, असा निर्णय देऊन तपास-मंडळानें तें नांव काढून टाकलें. चार वर्षांनीं तेच अवशेष राष्ट्राचे ‘अज्ञात सैनिक’ झाले. ब्लॅसीच्या घरीं मात्र ही हकीगत कोणीं कळविली नव्हती.

पुढें कागदपत्रें उजेडांत येऊं लागलीं आणि जानेवारी १९९८ मध्यें एका वृत्तसंस्थेनें सर्व प्रकार लोकांपुढें मांडला. ब्लॅसीच्या आईनें व भावंडांनीं कबर उघडण्याची विनंति केली. विरोधी मतहि होतें, आणि तें क्षुद्र नव्हतें. ही समाधि एका कुटुंबाची नव्हे, जे जे बेपत्ता आहेत त्या सर्वांची आहे. ती एकदां उघडली तर उरलेल्या समाधींचेंहि पावित्र्य कसें टिकेल, असें अनेक जुन्या सैनिकांचें म्हणणें होतें. शेवटीं संरक्षणमंत्री कोहेन यांनीं निर्णय दिला, आणि ता. १४ मे १९९८ रोजीं पहाऱ्याच्या व प्रार्थनेच्या गांभीर्यांत ती कबर उघडण्यांत आली.

ओळख पटविण्याचें साधन सन १९८४ मध्यें उपलब्ध नव्हतें, तें आतां होतें. मनुष्याच्या बहुतेक पेशींच्या केंद्रांत त्याची आनुवंशिक लिपि असते, तिलाच डी.एन.ए. म्हणतात. परंतु जुन्या हाडांत ती बहुधा नष्ट झालेली असते. केंद्राबाहेर, पेशीला ऊर्जा पुरविणारे मायटोकॉण्ड्रिया नांवाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांचा स्वतंत्र असा छोटा डी.एन.ए. असतो, आणि एकेका पेशींत त्याच्या शेंकडों प्रती असतात. म्हणून कांहीं प्रती नष्ट झाल्या तरी कांहीं शिल्लक राहतात. त्याचें दुसरें वैशिष्ट्य असें कीं, तो केवळ आईकडून अपत्याकडे येतो. बापाचा त्यांत वाटा नसतो. म्हणून आई, तिचे मुलगे व तिच्या मुली या सर्वांची ही लिपि सामान्यतः सारखी असते. ब्लॅसीच्या आईचें व बहिणीचें रक्त घेऊन त्यांतील लिपि हाडांतील लिपीशीं ताडून पाहिली, ती जुळली. ता. ३० जून १९९८ रोजीं अधिकृत घोषणा झाली, आणि ता. ११ जुलै रोजीं ब्लॅसीला त्याच्या सेंट लुई या गांवच्या राष्ट्रीय दफनभूमींत त्याच्या स्वतःच्या नांवाच्या शिळेखालीं पुरण्यांत आलें. सव्वीस वर्षांनीं मुलगा घरीं आला. जें गहाळ ओळखपत्रानें साधलें नाहीं, तें मातेच्या रक्तानें साधलें.

या निर्णयाचा न्याय असा लावतां येतो. अज्ञात सैनिकाची समाधि ही अज्ञानाची पूजा नव्हे. शोध करून करून माणसें थकलीं, सर्व उपाय संपले, आणि तरीहि नांव सांपडलें नाहीं, तेव्हां त्या निनांवी देहाला सर्वांनीं आपला मानावयाचें, असा तो करार आहे. अज्ञान प्रामाणिक असेल तोंवरच ती समाधि खरी. शोधाचा मार्ग मोकळा असतां प्रतीकाच्या सोयीसाठीं नांव झांकून ठेवणें, म्हणजे ज्या मातांच्या सांत्वनासाठीं समाधि बांधली, त्यांच्यापैकींच एकीची फसवणूक करणें होय. अमेरिकन सरकारनें हें ओळखलें. सन १९८४ मध्यें अर्पण केलेलें शौर्यपदक मात्र ब्लॅसीच्या नांवें करण्यांत आलें नाहीं. तें व्हिएतनामच्या सर्व अज्ञातांना दिलेलें होतें, आणि त्यांचेंच राहिलें. तसेंच रिकाम्या झालेल्या कबरेंत दुसरा देह ठेवावयाचा नाहीं असें ठरून, सन १९९९ मध्यें तीवर नवी शिळा बसविली. सन १९५८ ते १९७५ या काळांतील बेपत्ता सैनिकांशीं राष्ट्र इमान राखून आहे, अशा आशयाचा लेख तीवर आहे. जी समाधि रिकामी आहे, तीच आतां वचन पाळल्याची साक्ष झाली आहे.

त्या वचनाप्रमाणें काम पुढें चाललें आहे. डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बर येथें बुडालेल्या ओक्लाहोमा या युद्धनौकेवरील ज्या खलाशांचे अवशेष हवाई बेटांतील दफनभूमींत अज्ञात म्हणून पुरले होते, ते सन २०१५ मध्यें पुन्हां काढून तपासण्यांत आले. त्यांपैकीं साडेतीनशेंहून अधिक जणांना त्यांचीं नांवें परत मिळालीं. शिवाय आतां अमेरिकन सैन्यांत प्रत्येकाच्या रक्ताचा नमुना जपून ठेवला जातो. यापुढें आर्लिंग्टनला नव्या अज्ञात सैनिकाची भर पडेल, असा संभव फार थोडा.

नांव नसण्याचे प्रकारहि निरनिराळे असतात. महाराष्ट्रांतील जुन्या गांवांत देवळाजवळ वा वेशीपाशीं वीरगळ उभे असतात. त्यांतील बहुतेकांवर कोणतेंच नांव नाहीं. परंतु ते उभारले गेले त्या दिवशीं तो वीर कोण, हें साऱ्या गांवाला ठाऊक होतें. नांव काळानें पुसलें. आर्लिंग्टनच्या शिपायाचें नांव युद्धानें पुसलें. तिसराहि एक प्रकार आहे, आणि तो महाराष्ट्राच्या घरापर्यंत येऊन पोंचतो. पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, येथें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ पर्यंतच्या कूत येथील वेढ्यांतहि त्या होत्या. त्या मोहिमेंतील ज्या मृतांचीं थडगीं सांपडलीं नाहींत, त्यांच्यासाठीं सन १९२९ मध्यें बसरा येथें ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधि-आयोगानें स्मारक उभारलें. त्यावर ब्रिटिश अधिकारी व शिपाई यांचीं आणि हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं. परंतु तीस हजारांहून अधिक साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली. हीं नांवें रणांगणावर हरवलीं नव्हतीं. तीं कोरण्याच्या योग्यतेचीं मानलीं गेलीं नाहींत. त्या आयोगाच्या वारसदार संस्थेनें सन २०२१ मध्यें चौकशीअंतीं हा अन्याय मान्य करून जाहीर क्षमा मागितली. एका ठिकाणीं निनांवी हाडांना नांव देण्यासाठीं राष्ट्रानें आपली समाधि उघडली, आणि दुसऱ्या ठिकाणीं दप्तरांत असलेलें नांव दगडावर यावयास जागा मिळाली नाहीं. स्मारकाची किंमत संगमरवरावरून करूं नये, ती यावरून करावी.

सन २०२१ मध्यें आर्लिंग्टनच्या समाधीला शंभर वर्षें पुरीं झालीं. एरवीं प्रेक्षकांना साखळीच्या पलीकडे जातां येत नाहीं. त्या नोव्हेंबरच्या ९ व १० तारखेस मात्र कोणासहि समाधीजवळ जाऊन फूल ठेवण्याची मोकळीक होती, आणि लोक रांगा लावून आले. पहिल्या महायुद्धांत मुलगा गमावलेली माता त्यांत एकहि नव्हती; त्या सर्व केव्हांच गेल्या. तरीहि फुलें पडलीं. ज्याला स्वतःचें म्हणणारें कोणी उरलेलें नाहीं, त्या शिपायाचें सुतक एका राष्ट्रानें चार पिढ्या धरलें आहे. आणि नांव सांपडण्याची शक्यता दिसतांच तें शोधण्याची जबाबदारीहि त्याच राष्ट्रानें पत्करली आहे. मृतांचें ऋण फेडण्याच्या या दोन रीति. एकीवांचून दुसरी अपुरी.